विमानतळ गाठायचा तर उतरायचं कुठे? सोलापूरहून पुणे, मुंबई, हैदराबाद

सोलापूर ते मुंबई हे रेल्वेचं ४५५ किलोमीटर अंतर सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या स्लीपरने साधारण तीनशे रुपयांत पार पडतं. मग दादरला बॅगा घेऊन बाहेर पडलं की विमानतळापर्यंतच्या चौदा-पंधरा किलोमीटरला कुणीतरी 'पाचशे द्या' म्हणतो, आणि झोपेतून उठलेला माणूस देऊनही टाकतो. विमान पकडायला जाणाऱ्या सोलापूरकराचा पैसा लांबच्या प्रवासात फारसा जात नाही, शेवटच्या टप्प्यात जातो. म्हणून एसटी की रेल्वे हा वाद नंतर घाला. आधी उतरायचं कुठे ते ठरवा.

आधी कोड वाचा

तिकीट हातात आलं की तारखेनंतर बघायची गोष्ट म्हणजे विमानतळाचा तीन अक्षरी कोड. मुंबईच्या नावाखाली आता दोन विमानतळ आहेत. बीओएम म्हणजे सहार-सांताक्रूझचा जुना छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ. एनएमआय म्हणजे नवी मुंबई, जिथून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडायला लागली. दोन्हींमध्ये मुंबईची अख्खी रहदारी आहे. चुकून दुसरीकडे गेलात तर विमान गेलंच समजा. बीओएम असेल तर पुढे टर्मिनल बघा, टी१ की टी२. आंतरराष्ट्रीय विमानं टी२ वरून सुटतात. देशांतर्गत मात्र दोन्हीकडून, आणि एकाच कंपनीचं सकाळचं विमान टी१ वरून तर रात्रीचं टी२ वरून असू शकतं. आदल्या दिवशी पुन्हा एकदा बघून घ्या.

वेळ उलटी मोजा

निघायची वेळ सोलापूरकडून नाही, विमानाकडून मोजायची. पुण्याहून दुपारी साडेतीनचं देशांतर्गत विमान आहे असं धरा. बहुतेक कंपन्यांचं सामान घेणारं काउंटर उड्डाणाच्या एक तास आधी बंद होतं, म्हणजे अडीच. रांग आणि तपासणी धरून दीडला टर्मिनलच्या दारात हवं. पुणे स्टेशनवरून मेट्रो आणि रिक्षाने पाऊण ते एक तास, म्हणजे साडेबाराला स्टेशन सोडलेलं हवं. सकाळी साडेसहाच्या सुमारास सोलापूर सोडणारी हुतात्मा एक्स्प्रेस साडेदहाच्या आसपास पुण्यात जाते. दौंडच्या आसपास गाडी तासभर रखडली तरी अजून तास शिल्लक राहतो. हाच हिशेब साडेबाराच्या विमानासाठी मांडला तर काउंटर साडेअकराला बंद, आणि हुतात्मा वेळेवर येऊनही जीव टांगणीला. अशा वेळी रात्रीची एसटी धरा.

आंतरराष्ट्रीय विमानाला तीन तास आधी दारात हवं. सोलापूरहून निघालेल्या माणसाने त्यावर आणखी दोन तास धरावेत. विमानतळावर खुर्ची फुकट मिळते, चुकलेलं तिकीट मिळत नाही.

पुणे: स्टेशन किंवा हडपसर, स्वारगेट नको

पुण्याचा विमानतळ लोहगावला आहे, शहराच्या ईशान्येला. सोलापूरचा रस्ता पूर्वेकडून, हडपसरमार्गे शहरात शिरतो. नकाशावर या दोन गोष्टी एकदा बघितल्या की स्वारगेटला जाऊन पुन्हा मागे येण्यात काय वेडेपणा आहे ते कळतं. तरी बहुतेक जण स्वारगेटचं तिकीट काढतात, डेपोपर्यंत बसून राहतात आणि मग तिथून कॅब करतात.

रेल्वेने आलात तर असं करा. पुणे स्टेशनला लागूनच मेट्रोचं 'पुणे रेल्वे स्थानक' आहे. वनाझ ते रामवाडी ही मार्गिका, तुम्हाला रामवाडीच्या दिशेने जायचं आहे. रुबी हॉल, बंडगार्डन, येरवडा, कल्याणीनगर आणि शेवटचं रामवाडी. गाडीतली वेळ पंधरा मिनिटांच्या आसपास, भाडं वीस-पंचवीस रुपयांच्या पुढे जात नाही. मेट्रो सकाळी सहाला सुरू होते, त्यामुळे मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे पुण्यात उतरणाऱ्या गाड्यांना तिचा उपयोग नाही.

रामवाडी ते विमानतळ साधारण चार किलोमीटर. पुण्याचा रिक्षाचा मीटर पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये. म्हणजे २५ अधिक अडीच गुणिले १७, साडेसदुसष्ट रुपये. जिन्याच्या तोंडाशी उभी असलेली रिक्षा दीडशे सांगते, कारण तुमच्या हातात बॅग दिसते. पन्नास पावलं पुढे नगर रोडवर या आणि चालती रिक्षा थांबवा, किंवा स्टेशनच्या आतूनच अ‍ॅपवर रिक्षा बोलवा. थेट पुणे स्टेशनवरून मीटरने गेलात तर दहा किलोमीटरचे १७० रुपये होतात. तिघे असाल आणि मीटरवाला भेटला तर मेट्रोचा खटाटोप करायची गरज नाही.

रस्त्याने आलात तर वाहकाला आधीच सांगून ठेवा आणि हडपसरला गाडीतळाजवळ किंवा मगरपट्टा चौकाजवळ उतरा. तिथून मुंढवा, खराडी, विमाननगर असा रस्ता थेट विमानतळाला जातो. अंतर बारा किलोमीटर धरलं तर मीटरने २०० रुपयांच्या आसपास. स्वारगेटहून कॅब केली असती त्यापेक्षा पैसाही कमी आणि शहरातली दमछाकही नाही. अडचण एकच, मुंढव्याचा चौक. सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी सहा ते नऊ तिथे गाडी मुंगीच्या पावलाने सरकते. या वेळांत हडपसर ते विमानतळ सव्वा ते दीड तास धरा. रात्री दोनला हाच रस्ता पंचवीस मिनिटांचा असतो, पण मध्यरात्री बारा ते पाच रिक्षाचं भाडं वाढीव असतं.

सोलापूरहून दुपारी निघणारी इंद्रायणी संध्याकाळी सहाच्या सुमारास पुण्यात येते. पुण्याहून रात्री उशिराच्या विमानांना तीच गाडी उत्तम, शांतपणे जेवून जाता येतं. वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास सोलापूर सोडते आणि हुतात्माच्या बरीच आधी पोचते, पण गुरुवारी सोलापूरहून सुटत नाही, आणि पुण्यापर्यंतच जायचं असेल तर तो तास वाचवायला मोजलेले पैसे जिवावर येतात. हुतात्माची सेकंड सीटिंग दीडशेच्या आत बसते.

परत येताना पुणे विमानतळाच्या दारात ओला-उबर येत नाही. समोरच्या एरोमॉल या वाहनतळाच्या इमारतीत जावं लागतं. तिथून रामवाडीपर्यंतच कॅब करा, किंवा सोलापूरची रात्रीची बस असेल तर हडपसरपर्यंत. हुतात्मा पुण्याहून संध्याकाळी सहाला सुटते. विमान दुपारी साडेतीननंतर उतरत असेल तर तिचं तिकीट काढू नका. सामानाचा पट्टा, एरोमॉल आणि येरवड्याची रहदारी मिळून दोन तास कसे जातात कळत नाही. त्यानंतर एसटी आहेच, रात्रभर सोलापूरच्या गाड्या असतात.

एसटीची सवलत विसरू नका

विमानाने जातोय म्हणून एसटीला नाक मुरडणारे बरेच आहेत, पण हिशेब करून बघा. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या सर्व प्रकारच्या गाड्यांत निम्मं भाडं आहे. ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांनाही निम्मं, आणि ७५ च्या पुढे मोफत. आई-वडील आणि बायको बरोबर असतील तर चौघांचं भाडं अडीच माणसांवर येतं. ज्येष्ठांचं आधार कार्ड हाताशी ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. खासगी ट्रॅव्हल्सला यातली एकही सवलत नाही. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते, हैदराबादच्या बसला पुढचं पूर्ण भाडं पडतं.

मुंबई: तीन वाटा, आणि एक सापळा

मुंबईचं चित्र मेट्रो ३ मुळे पालटलं. आरे ते कफ परेड ही पूर्ण भुयारी मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली. साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्थानकं, भाडं १० ते ७० रुपये. टी१ आणि टी२ दोन्हींना तिची स्वतंत्र स्थानकं आहेत, मध्ये फक्त सहार रोड. पहिली गाडी सकाळी सहाच्या सुमारास, शेवटची रात्री साडेदहाच्या.

पहिली वाट: सीएसएमटीला उतरा. सिद्धेश्वर किंवा वंदे भारतने शेवटपर्यंत जा, भुयारी मार्गाने मेट्रोच्या सीएसएमटी स्थानकात उतरा आणि आरेच्या दिशेची गाडी धरा. टी२ ला जायला पाऊण तास धरा. दादरला उतरलो तर वेळ वाचेल असं वाटतं, पण मेट्रोचं दादर स्थानक पश्चिमेला, सेनाभवनाच्या बाजूला आहे. बाहेरगावच्या गाडीच्या फलाटापासून पूल चढा, फुलबाजाराची गर्दी पार करा, मग रस्ता ओलांडा. सकाळी सातला दोन मोठ्या बॅगा घेऊन हे करून बघितलेला माणूस पुढच्या वेळी मुकाट्याने सीएसएमटीला जातो. पाठीवर एकच सॅक असेल तर दादर चालेल. आणखी एक लक्षात ठेवा, दादरला रिक्षा मिळत नाही. वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षाला परवानगीच नाही. टॅक्सीचा मीटर ३१ रुपयांना पडतो आणि दीड किलोमीटरनंतर किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. दादर ते टी२ मीटरने तीनशेच्या आसपास व्हायला हवेत. पाचशे कबूल करायच्या आधी हा आकडा आठवा.

दुसरी वाट: कल्याणला उतरा. ही सगळ्यांत स्वस्त. सिद्धेश्वर पहाटे कल्याणला येते. तिथून सीएसएमटीकडे जाणारी जलद लोकल पकडून घाटकोपरला उतरा. घाटकोपरहून मेट्रो १ (वर्सोव्याच्या दिशेने) चौथं स्थानक मरोळ नाका. तिथे मेट्रो ३ मध्ये बदला आणि पुढचंच स्थानक टी२. लोकल, दोन मेट्रो सगळं मिळून पन्नास रुपयांच्या आसपास. अट एकच, पहाटेची वेळ. सातनंतर कल्याणहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बॅगेसह चढणं म्हणजे स्वतःचे आणि इतरांचेही शिव्याशाप ओढवून घेणं. वंदे भारत दुपारकडे कल्याणला येते, तेव्हा गर्दी कमी असते. लोकलचं तिकीट वेगळं काढावं लागतं. आणि मोबाइलवर काढायचं असेल तर फलाटावर उभं राहून ते निघत नाही. स्टेशनातलं तिकीट मशिन शोधा.

सापळा याच वाटेवर आहे. मेट्रो १ वर मरोळ नाक्याच्या पुढे 'एअरपोर्ट रोड' नावाचं स्थानक आहे. नाव वाचून लोक बॅगा घेऊन उतरतात आणि खाली येऊन बघतात तर विमानतळाचा पत्ता नाही, अंधेरी-कुर्ला रस्त्याची रहदारी तेवढी आहे. तिथून पुन्हा रिक्षा. मरोळ नाक्यालाच उतरा.

तिसरी वाट: रात्रीची बस. जुन्या पुणे नाक्यावरून सुटणाऱ्या बोरिवलीकडच्या गाड्यांतल्या काही पश्चिम द्रुतगती महामार्गाने जातात. तिकीट काढताना उतरण्याच्या ठिकाणांच्या यादीत विलेपार्ले किंवा अंधेरी आहे का बघा. असेल तर त्या गाडीसारखी सोय नाही, टी१ तिथून हाकेच्या अंतरावर. नसेल तर चेंबूरला उतरा. चेंबूरला रिक्षा चालते. मुंबईत रिक्षाचे पहिले दीड किलोमीटर २६ रुपये आणि पुढे १७ रुपये १४ पैसे, टी२ पर्यंत दहा-अकरा किलोमीटरचे पावणेदोनशे-एकशे ऐंशी. टी२ च्या वरच्या मजल्यावरच्या दारापर्यंत जाणाऱ्या सहार उन्नत मार्गावर रिक्षा जात नाही, ती खालच्या रस्त्याला सोडते. तिथून लिफ्टने वर.

मेट्रो भुयारात असल्याने मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. बोर्डिंग पास आणि मेट्रोचं तिकीट वर असतानाच उघडून स्क्रीनशॉट काढून ठेवा. परतीला विमान रात्री साडेनऊनंतर उतरत असेल तर मेट्रोच्या भरवशावर राहू नका. सिद्धेश्वर मुंबईहून रात्री उशिरा सुटते, तिला संध्याकाळी सातपर्यंत उतरणारं विमान चांगलं जुळतं.

नवी मुंबईचं विमान असेल तर वरचं सगळं विसरा. रस्त्याने येताना द्रुतगती मार्ग कळंबोलीला संपतो आणि विमानतळ तिथून जवळच, मुंबईच्या अलीकडे. बसच्या तिकिटावर कळंबोली किंवा पनवेल हे उतरण्याचं ठिकाण घ्या आणि पुढे उलव्याच्या बाजूच्या टर्मिनलपर्यंत रिक्षा किंवा कॅब. रेल्वेने दादरपर्यंत जाऊन मागे येणं म्हणजे खरंच उलटी गंगा.

हैदराबाद: सोलापूरकरांचा विसरलेला पर्याय

आखाताला किंवा दक्षिणेला जाणाऱ्यांनी पुण्या-मुंबईबरोबर हैदराबादचंही भाडं बघावं. रस्ता सरळ राष्ट्रीय महामार्ग ६५, नळदुर्ग, उमरगा, झहीराबाद, सहा-सात तास. मध्ये घाट नाही, त्यामुळे पावसाळ्यात दरड कोसळून अडकायची भीती नाही. शिवाय सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरांत तेलुगू बोलली जाते, त्यांना हैदराबादेत रिक्षावाल्याशी घासाघीस करायला दुभाषा लागत नाही!

विमानतळ शमशाबादला आहे, शहराच्या दक्षिणेला. सोलापूरचा रस्ता वायव्येकडून मियापूरला शिरतो. इथेही पुण्यासारखीच चूक होते: लोक महात्मा गांधी बस स्टेशनपर्यंत जातात, म्हणजे शहराच्या पोटात. मियापूरला उतरा. तिथून तेलंगणा परिवहनची 'पुष्पक' नावाची वातानुकूलित बस गच्चीबावली आणि बाह्यवळण रस्त्याने थेट विमानतळाला जाते. दिवसा अर्ध्या-पाऊण तासाला बस असते, रात्री फेऱ्या विरळ होतात. पहाटे तीनला मियापूरला उतरणार असाल तर तासभर थांबायची तयारी ठेवा. हैदराबादची मेट्रो अजून विमानतळापर्यंत गेलेली नाही, मियापूर मेट्रोची पाटी बघून फसू नका.

रेल्वेने गेलात तर पुणे-सिकंदराबाद शताब्दी सकाळी सोलापूरला येते आणि दुपारी हैदराबाद शहरात सोडते. सिकंदराबादहूनही पुष्पक मिळते. स्वतःची गाडी असेल तर पटानचेरूच्या अलीकडे मुत्तंगीला बाह्यवळण रस्ता घ्या, शहरात शिरूच नका.

भाड्याची गाडी कधी परवडते

पुण्यापर्यंत २५० किलोमीटर. गाडीवाला परतीचेही किलोमीटर लावतो, म्हणून ५००. किलोमीटरला १३ रुपये धरले तर साडेसहा हजार, टोल आणि चालकाचा भत्ता वेगळा. चौघांत वाटले तरी माणशी सोळाशेच्या वर. एकट्या-दुकट्याने हा विचारच करू नये. चौघे, त्यात चालायला त्रास होणारं कुणी, आणि विमान पहाटे पाचचं, असं जुळून आलं तरच गाडी करा. एकेरी सोडणाऱ्या गाड्या मिळतात, त्यांना 'टोल धरून किती, रात्रीचा भत्ता धरून किती, पार्किंग कुणाचं' हे तीन प्रश्न मेसेजवर विचारा. फोनवर ठरलेलं भाडं विमानतळाच्या दारात वाढतं.

जिथे गणित बिघडतं

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, विमानाचं तिकीट काढल्या दिवशीच रेल्वेचंही काढा. तत्काळ आदल्या दिवशी, वातानुकूलित दहा वाजता आणि बाकीचं अकराला. आता ऑनलाइन तत्काळला आधार जोडलेलं खातं लागतं. ते त्याच सकाळी जोडायला बसलात तर सीट गेली. वेटिंगच्या तिकिटावर विमानाची भिस्त ठेवू नका.

आषाढी वारीच्या दिवसांत तुकोबांची पालखी हडपसर, लोणी काळभोर, यवत अशी सोलापूर रस्त्यानेच पुण्याबाहेर पडते. त्या दोन-तीन दिवसांत वाहतूक वळवतात आणि हडपसरची सगळी युक्ती फसते. तेव्हा रेल्वे. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईला जाताना उलट, कर्जत-लोणावळा घाटात गाड्या रखडू शकतात. सकाळच्या विमानासाठी आदल्या रात्रीची नाही, आदल्या दिवसाची गाडी धरा. रविवारी दिवसा मुंबईच्या लोकलला मेगाब्लॉक असतो, कल्याणची वाट त्या दिवशी टाळा.

सामानाचं वजन घरीच करा. केबिन बॅगेला साधारण सात किलोची मर्यादा असते, आणि नातेवाइकांसाठी घेतलेल्या तीन सोलापुरी चादरींतच ती संपायला येते. काउंटरवर जादा वजनाला किलोमागे जे पैसे घेतात, त्यात हुतात्माने दोनदा पुण्याला जाऊन येता येईल.

राहिला आपला होटगी रोडचा विमानतळ. २०२५ मध्ये तिथून गोव्याची आणि मग मुंबईची सेवा सुरू झाली. मुंबईत पुढचं विमान पकडायचं असेल आणि दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील, तर पहिलं विमान उशिरा आल्यास दुसरी कंपनी तुमची वाट बघत नाही आणि पैसेही देत नाही. सामानही मुंबईत ताब्यात घेऊन पुन्हा द्यावं लागतं. मध्ये किमान चार तास ठेवा. होटगी रोडवर जायला सात रस्ता किंवा आसरा चौकातून रिक्षा मिळते. परतताना विमान उतरायच्या वेळी दारात मोजक्याच रिक्षा असतात, सामानाची वाट बघत असतानाच घरच्यांना फोन लावा.